आमच्या व्याह्यांची जगबुडी

जगबुडीची आमच्या व्याह्यांइतकी जय्यत तयारी केलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. उद्या सकाळी सगळं जग खरोखरच बुडालं, तर मुरगूडमध्ये एक गृहस्थ शांतपणे उठतील, धोतराचा काचा मारतील आणि "आलं का? या," असं म्हणून कामाला लागतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. छत्तीस वर्षं ते वीज खात्यात लाईनमन होते. पावसात, वाऱ्यात खांबांवर चढून त्यांनी गावंच्या गावं उजेडात आणली, आणि एवढं करून विजेवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. "पावणं," ते मला म्हणायचे, "ह्यो जो सगळा झगमगाट चाललाय न्हवं, त्यो एका बोटाएवढ्या तारंवर चाललाय. ती तार म्या ह्या हातानं बांधलीया. म्हणून सांगतो, लई निर्धास्त झोपू नगा." एकदा एक कावळा डीपीवर बसला आणि तीन गावं रात्रभर अंधारात गेली. खाली पडलेला तो कावळा त्यांनी हातात घेऊन पाहिला होता. तेव्हापासून आपली ही व्यवस्था कधी ना कधी खाली बसणार, हे त्यांच्या मनाने घेतलं. ती बसल्यावर माणसाला कुठली विद्या उपयोगी पडेल आणि कुठली नाही, एवढा एकच प्रश्न त्यांच्यापुढे उरला, आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यांनी त्याच्या पाठीमागे घातली.

माझी त्यांची ओळखच या प्रश्नाने झाली. माझी मुलगी प्राजक्ता आणि त्यांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत कामाला होते, दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं, आणि आम्हा मोठ्या माणसांची बैठक नावापुरती होती. माझी बायको दोन वर्षांपूर्वीच गेलेली, त्यामुळे आमच्या बाजूने मी, माझा चुलतभाऊ आणि चिवड्याच्या बशा. व्याह्यांनी मुलीला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. "लाईट गेली, फोन गेला, पुन्ना यायचं नावच न्हाई, तर तुला काय येतंय बाळ?" असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. प्राजक्ता म्हणाली, "लाईट यायची वाट बघता येते." व्याही वळून बायकोला म्हणाले, "पोरगी खरं बोलती. सांगून टाक पसंत म्हणून." मग त्यांनी आपला मोहरा माझ्याकडे वळवला. मी एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. "म्हंजे राज्य हाय तवर बरं हाय तुमचं," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या बशीत आणखी थोडा चिवडा घातला.

त्यांच्याकडे एक वही होती. दोनशे पानी, लांबट, पुठ्ठ्याची, वर खाकी कव्हर घातलेली. तिचे तीन भाग केले होते: 'पहिला आठवडा', 'पहिलं वर्ष' आणि 'मागनं बघू'. जगातल्या सगळ्या विद्या त्यांनी या तीन भागांत वाटून टाकल्या होत्या. पाणी शोधणारा, हाड बसवणारा तालमीतला वस्ताद, सुईण, विस्तव राखणारी माणसं ही पहिल्या आठवड्यात. बी राखणारे, दोर वळणारे, साबण करणारे, चुना भाजणारे, जमीन मोजण्यापुरतं गणित आणि बाराखडी शिकवणारे मास्तर पहिल्या वर्षात. डॉक्टरांबद्दल त्यांचं मत 'गोळ्या संपेस्तवर' असं होतं, पण जखम शिवता येणाऱ्या डॉक्टरला त्यांनी मोठ्या मनाने पहिल्या आठवड्यात घेतलं होतं. ज्योतिषी मात्र सरसकट बाद. "पयल्याच दिवशी त्येला इचारणार मी, सांगितलं कुठं हुतंस तू?" विमा, जाहिरात, वास्तुशास्त्र, सत्कारसमारंभाचं सूत्रसंचालन आणि राज्यशास्त्र हे सगळे 'मागनं बघू'मध्ये एकाच पानावर दाटीवाटीने बसले होते. इतिहासही तिथेच जाणार होता, पण एके दिवशी ते स्वतः होऊन म्हणाले, "न्हाई, इतिहास लागणार. न्हाईतर वाचल्यालं लोक पुन्ना ह्येच करत बसतील," आणि त्यांनी तो पहिल्या वर्षात नेऊन ठेवला. गाण्याचं काय करायचं यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. मला वाटलं गेलं बिचारं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर भजन आणि ओव्या पहिल्या आठवड्यात, हाड बसवणाऱ्याच्या खालोखाल. कारण विचारलं तर म्हणाले, "पयल्या आठवड्यात माणसं लई रडतील ओ."

महिन्यातल्या शेवटच्या रविवारी ते घरातला मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडत. याला जगबुडीचा रविवार म्हणायचं. सगळ्यांचे मोबाईल तांदळाच्या डब्यात, फ्रीज बंद, गॅसला हात लावायचा नाही, पाणी आडातून. एकदा मी काही कल्पना नसताना नेमका अशा रविवारी पाहुणा म्हणून जाऊन पोहोचलो. व्याही खुशीत होते, मला म्हणाले, "या, बरोब्बर टायमाला आलाय." मी आडाचं पाणी शेंदलं, लाकडं फोडली, संध्याकाळपर्यंत हाताला तीन फोड आले आणि जगाबद्दल मला प्रथमच कळकळ वाटू लागली. परसात तीन दगडांची चूल मांडून विहीणबाई सगळ्यांचं जेवण करत होत्या. त्या निपाणीच्याही पलीकडच्या, आईला अव्वा म्हणणाऱ्या. बारीक अंगाच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. फुंकणीने जाळ करता करता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्येंचं जग म्हैन्यातनं येकदा बुडतंय पावणं, आनि राख मला काढायला लागती." व्याही यावर मनमोकळं हसले. मीही हसलो. जेवण फार सुरेख झालं होतं, आणि पुढे भांडीही त्यांनीच त्याच राखेने घासली.

विद्या गोळा करायला व्याही कुठेही जात. जुन्या मोटरसायकलवर टाकी भरून निघायचे आणि ज्याच्या हातात काही कसब आहे अशा म्हाताऱ्याच्या दारात जाऊन बसायचे. त्यांना घाई असे, कारण ही माणसं एकेक करून चालली होती. "परवा वाघापुरातला दोरवाला गेला," असं ते घरचं कोणी गेल्यासारखं सांगत. घायपाताचा वाख, म्हणजे दोराला लागणारे धागे, काढायला त्यांनी पानं पिंपात कुजत घातली, तेव्हा काय मेलंय हे बघायला गल्लीतली माणसं घरात शिरली होती. राखेच्या पाण्याचा आणि एरंडेलाचा साबण केला, तो इतका जहाल की त्यांच्या तळहाताची सालं निघाली. विहीणबाईंनी आठ दिवस त्यांचे हात ताकाने धुतले. कोडोलीकडच्या एका गुऱ्हाळावर ते तीन दिवस मुक्कामाला होते. तिथला गुळव्या, म्हणजे रस उतरवायची वेळ ठरवणारा माणूस, पाण्यात बोटं बुडवून ती उकळत्या काकवीत घालायचा, चिमटीत गोळी करून बघायचा आणि "आला" म्हणायचा. व्याही म्हणाले, आला म्हणजे किती आला? गुळव्या म्हणाला, आला म्हंजे आला. मग त्यांनी स्वतःची दोन बोटं भाजून घेतली आणि वहीत अर्धं पान लिहिलं. अंदाज या गोष्टीवर त्यांचा फार राग. "अंदाज ज्येचा त्यो घिऊन जातोय. माप मागं ऱ्हातंय," असं त्यांचं म्हणणं.

काही म्हातारे त्यांच्याकडे घरीही येत. पेठ वडगावकडचे एक शेतकरी बियाणं टिकवायची रीत सांगायला आले होते, तेव्हा मी तिथे होतो. ते राखेत बी घोळवायचं सांगत होते आणि व्याही एकेक शब्द उतरून घेत होते. इतक्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून विहीणबाई म्हणाल्या, "राख चाळून आनि पुरती थंड झाल्यावर म्हणावं. ऊब ऱ्हायली तर बी मरतंय." शेतकरी म्हणाले, बरोबर बोलल्या ताई. व्याह्यांनी मान वर न करता सांगितलं, "तू च्या टाक." त्या आत गेल्या, थोड्या वेळाने चहा आला, चांगला आलं घातलेला. हे मी आज लिहितो आहे, पण त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी दुसरा कपसुद्धा मागितला होता.

गेल्या दिवाळीनंतर विहीणबाई गेल्या. सकाळी ताक घुसळताना छातीत कळ आली म्हणाल्या, आणि गाडी कोल्हापूरच्या वेशीत येईपर्यंत सगळं संपलं होतं. व्याही रडले नाहीत. आलेल्या माणसांना बसायला सतरंज्या कुठल्या कपाटात आहेत, हे विचारायला त्यांनी दोनदा आत हाक मारली.

तेरावं झाल्यावर प्रश्न उभा राहिला. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. तिथे त्यांचा अकराव्या मजल्यावर फ्लॅट. व्याही म्हणाले, लिफ्ट बंद पडली की तो मजला म्हणजे कैद आहे, मी येणार नाही. मुलाने आवाज चढवला, व्याह्यांनी त्याहून चढवला. शेवटी प्राजक्ताने तोडगा काढला. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "मामा, एक महिना इथे एकटे राहून दाखवा. रोज दोन वेळचं नीट जेवण स्वतःच्या हाताने करून खाल्लंत, तर मी विषय काढणार नाही. नाहीतर बॅग भरायची." आणि परीक्षक म्हणून तिने मला नेमलं. मी सव्वा तासाच्या अंतरावर राहतो आणि एकट्याने रांधून खायची मला तेरा वर्षांची सवय आहे, एवढीच माझी लायकी. व्याह्यांनी ताडकन होकार दिला. जगबुडीची तयारी झालेल्या माणसाला एक महिना म्हणजे काय?

पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा ते स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते आणि त्यांच्याभोवती अकरा डबे उघडे पडले होते. चार दिवस त्यांनी केळी आणि बिस्किटं खाल्ली होती. एकदा पिठलं करायला म्हणून त्यांनी पाण्यात तीन चमचे हळद कालवली होती. डाळीचं पीठ कुठलं आणि हळद कुठली, दोन्ही पिवळंच. मी विचारलं, "शेजारी विचारायचं नाही का?" ते म्हणाले, "वही बघितली पयल्यांदा." वही मांडीवरच होती. "शंभर ढेपा गूळ कसा करायचा हाय. चुना हाय. हाडं हायत. भाकरी न्हाई ओ ह्येच्यात." मग त्यांनी एकेका डब्याला झाकण लावायला घेतलं. "तिला कधी इचारलंच न्हाई," ते म्हणाले. "ती हुतीच की."

मी परात घेतली.

आमचा वर्ग असा सुरू झाला. आठवड्यातून दोनदा मी एसटीने जायचो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना भाकरीच्या कडा फुटतात, म्हणून उकळत्या पाण्यात मळायचं, हे मी त्यांना शिकवलं. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. बायको गेल्यावर सहा महिने फुटक्या भाकरी खाऊन कळलं होतं. खांबावर चढून उघड्या तारा हाताळणारा हा माणूस तव्यावरची भाकरी उलटताना डोळे मिटून घ्यायचा. पहिल्या भाकरीला आकार म्हणून नव्हता, आठवी मात्र फुगली. ती फुगली तेव्हा त्यांनी मला हाताला धरून चुलीजवळ ओढलं आणि वाफ निघून जाईपर्यंत दोघं तिच्याकडे बघत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात त्यांना आमटी येऊ लागली. मी प्राजक्ताला कळवलं की परीक्षार्थी पास होणार.

आणि नेमकं तेव्हाच ते मला म्हणाले, "आता जातो म्हणतो पुण्याला."

कारण दह्याचं निघालं. विहीणबाईंनी लग्नात माहेराहून अव्वाच्या हातचं विरजण आणलं होतं. आदल्या दिवशीच्या दह्यातलं चमचाभर काढून दुसऱ्या दिवशीचं दूध विरजायचं, असं करत करत ते बेचाळीस वर्षं त्या घरात चाललं होतं. सुतकाच्या दिवसांत घरात चूल नव्हती, दूध परस्पर शेजारी जात होतं, आणि कुठल्याशा आतेबहिणीने मदत म्हणून दह्याचं भांडं राखेने लख्ख घासून पालथं घालून ठेवलं. व्याह्यांना हे कळलं तेरावं झाल्यावर. पिशवीतलं दही त्यांनी आणून बघितलं आणि शेजारच्या मांजराला दिलं. मग ते गल्लीत दारोदार गेले. विहीणबाई मागेल त्याला विरजण द्यायच्या, त्यामुळे प्रत्येक घरात ते कधी ना कधी गेलेलं होतं. पण आता सगळ्यांकडे पिशवीच येत होती. ज्यांनी साबण आणि दोर यांच्यासाठी चाळीस गावं पालथी घातली, ते चमचाभर दह्यासाठी वाटी घेऊन अठ्ठावीस दारांत उभे राहिले आणि रिकाम्या वाटीने परत आले. "भाकरी शिकता आली," ते म्हणाले. "ह्ये शिकण्यातलं न्हाई पावणं. ह्ये चालत आलं हुतं, आनि माझ्या घरात मोडलं."

मी घरी येऊन प्राजक्ताला फोन केला आणि सांगितलं, तुझे मामा येतायत, खोली आवर. तिने कारण विचारलं, मी दह्याचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या फ्रीजमध्ये काय आहे?" मला कळेना. ती म्हणाली, "मी बाळंतपणाला आले होते, तेव्हा येताना एक डबी आणली होती. मुरगूडच्या आईंनी दिलेली. जाताना तुम्हाला सांगून गेले, यातलं रोज चमचाभर दुधात घालत जा म्हणून." मी घालत गेलो होतो. सहा वर्षं. आठ दिवस पुण्याला गेलो तर शेजारच्या वहिनींकडे ठेवून गेलो होतो. ते कोणाचं, कुठून आलेलं, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. दुधाचं दही होतं एवढंच मला माहीत. प्राजक्ताचं स्वतःचं पुण्याला गेल्यावर वर्षभरात मोडलं होतं. मी फ्रीज उघडून त्या स्टीलच्या भांड्यापुढे उभा राहिलो. लगेच निघणार होतो, पण दिवेलागण झाली होती, आणि दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत हे विहीणबाईंनी एकदा माझ्यासमोर एका बाईला सांगितलं होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी सकाळपर्यंत थांबलो.

एसटीत डबा मांडीवर धरून मी गेलो. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबा उघडला, बोटाने थोडं चाखलं आणि डबा खाली ठेवला. "आंबट हाय," ते म्हणाले. "तिचं असं नव्हतं." माझा चेहरा पडला असावा. मी म्हणालो, सहा वर्षं माझ्या हाताला आहे, दूध वेगळं, हवा वेगळी. "फ्रीजमधी हुतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "म्हंजे इजेवर जगलं म्हणायचं," ते म्हणाले, आणि किती दिवसांनी त्यांच्या मिशीखाली थोडं हसू हललं. मग उठून त्यांनी दूध तापत ठेवलं. ते निवत आलं तेव्हा मी म्हटलं, कोमट झालं की चमचाभर घालायचं. ते लगेच म्हणाले, "कोमट म्हंजे किती?" विहीणबाईंनी प्राजक्ताला सांगितलेलं आणि तिने मला सांगितलेलं माप मी त्यांना सांगितलं. "बोट बुडवायचं. दहा म्हणेपर्यंत सोसलं पाहिजे, आणि अकराव्याला काढावंसं वाटलं पाहिजे." त्यांनी भाजल्याची खूण असलेलं बोट दुधात घातलं आणि मोठ्याने मोजायला लागले. सातपर्यंत आवाज आला, पुढचे आकडे त्यांनी मनात म्हटले. दहा नक्कीच होऊन गेले होते, तरी त्यांनी बोट काढलं नाही. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

ते मुरगूडलाच राहिले. महिना संपला, प्राजक्ताने शब्द पाळला. आता रोज सकाळी सातला माझा फोन वाजतो. पलीकडून व्याही "लागलं" एवढंच म्हणतात आणि फोन ठेवतात. थंडीत दोनदा "न्हाई लागलं" असंही आलं, तेव्हा मी भांडं पिठाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. तेरा वर्षांत माझ्याकडे सकाळी असा फोन करणारं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी आता पावणेसातपासूनच फोनजवळ बसतो. गेल्या मंगळवारी सात वाजले, साडेसात वाजले, फोन नाही. मी केला, तो उचलला नाही. आठ वाजता मी चपला घालून, एसटीचे सुटे पैसे खिशात टाकून दाराला कुलूप लावत होतो, तेव्हा खिशातला फोन वाजला. "नळाला पाणी आलतं, भरत हुतो," ते म्हणाले. "लागलं." नेहमीसारखा फोन ठेवतील म्हणून मी वाट बघत होतो. पण त्यांनी ठेवला नाही. थोडं थांबून ते म्हणाले, "तुमचं लागलं का?"

त्या सकाळच्या धांदलीत मी भांड्यावरचं झाकणसुद्धा काढलं नव्हतं. फोन कानाला तसाच धरून मी कुलूप काढलं, आत गेलो आणि बघितलं.

"लागलंय," मी म्हणालो.